कला आणि चरितार्थ : रायपूरच्या लेखक-कलावंतांचा शतकभराचा हिशेब

रायपूर : हिंदीतील ज्येष्ठ कवी आणि कादंबरीकार विनोदकुमार शुक्ल यांना सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूर येथे झालेल्या एका साहित्य-सोहळ्यात ‘हिंद युग्म’ या प्रकाशनसंस्थेने तीस लाख रुपयांचा धनादेश दिला. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या एकाच कादंबरीच्या सुमारे सहा महिन्यांच्या विक्रीवरील ही रॉयल्टी असल्याचे संस्थेने जाहीर केले आणि भारतीय भाषांतील लेखकवर्गात त्या रकमेची पुष्कळ चर्चा झाली. ही कादंबरी १९९७ सालची. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९९९ साली. धनादेश हाती आला तेव्हा लेखकाचे वय ८८ होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २३ डिसेंबर रोजी, रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

तत्पूर्वीच्या अर्ध्या शतकात त्यांचे घर कशावर चालले, याचे उत्तर सरळ आहे : पगारावर. राजनांदगाव येथे १ जानेवारी १९३७ रोजी जन्मलेल्या शुक्ल यांनी जबलपूर येथे कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि निवृत्तीपर्यंत अध्यापन केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात ते सहयोगी प्राध्यापक होते. विषय शेतीचा, कवितेशी त्याचा थेट संबंध नाही. ‘नौकर की कमीज’ ही त्यांची पहिली कादंबरी १९७९ साली आली. तिच्यातील संतू बाबू हा कारकून साहेबाने आदर्श नोकरासाठी शिवून घेतलेल्या सदऱ्यात नेमका बसतो आणि मग तो सदरा त्याच्या अंगावरून उतरता उतरत नाही. नोकरीने माणसाचे काय होते, हे इतक्या बारकाईने लिहिणारा लेखक स्वतः आयुष्यभर नोकरीत होता, ही विसंगती नव्हे. ज्याला महिन्याच्या पहिल्या तारखेचे मोल कळते, त्यालाच त्या सदऱ्याची काच कळते.

कलेसाठी कोणती नोकरी बरी, या प्रश्नाला छत्तीसगढमध्ये निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत आणि त्यांतील दोन महत्त्वाची उत्तरे मराठी घरांतून आली.

माधवराव सप्रे हे मराठीभाषक. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेला. शतकाच्या वळणावर पेंड्रा येथील राजकुमाराला शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले आणि त्या कमाईच्या आधारावर जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक. म्हणजे छत्तीसगढमधील हिंदी पत्रकारितेच्या पायाशी तीन मराठी आडनावे आहेत. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत. १९०२ अखेर मासिक बंद पडले. रायपूरमध्ये आज सप्रे यांच्या नावाची शाळा आणि लाखे यांच्या नावाचे नगर आहे.

दुसरे उत्तर अधिक क्लेशकारक. गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे नामवंत कवी आणि समीक्षक झाले. गजाननरावांनी मात्र हिंदीत लिहिले आणि पोटासाठी शाळामास्तरकी, नागपूर आकाशवाणी, ‘नया खून’ हे साप्ताहिक अशा नोकऱ्या एकामागून एक केल्या. स्थैर्य लाभले ते १९५८ मध्ये, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाल्यावर. मिळकतीला जोड म्हणून त्यांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले. पाठ्यपुस्तक हा भारतीय लेखकाच्या अर्थकारणातील सर्वांत भरवशाचा मार्ग. पुस्तक अभ्यासक्रमात लागले की विक्रीची चिंता उरत नाही. परंतु १९६२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली आणि तो मार्गही खुंटला. दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६४ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. तो त्यांना पाहता आला नाही. राजनांदगावच्या त्या वास्तव्यात त्यांनी ज्या तरुणाच्या कवितेला बळ दिले, तो विनोदकुमार शुक्ल. कृषी अध्यापकाची सुरक्षित नोकरी आणि अल्प बोलणे, हा शुक्ल यांचा स्वभाव होताच; पण समोर पाहिलेल्या ओढाताणीचाही त्यात वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

लेखकाला निदान एकट्याने लिहिता येते. रंगभूमीचे तसे नाही. रवेली गावचे मालगुजार दुलारसिंह, अर्थात दाऊ मंदराजी, यांनी नाचा या लोकनाट्याची मंडळी बांधली आणि तिच्यापायी घरची जमीन-मालमत्ता खर्ची घातली. अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. आज राज्य शासन त्यांच्या नावाने लोककलेचा सन्मान देते. नाचाचे कलावंत बहुतांशी शेतकरी किंवा शेतमजूर. पीक घरात आले की रात्ररात्र खेळ आणि पाऊस पडला की पुन्हा नांगर, असे त्यांचे वर्ष असे. रायपूरमध्ये १९२३ साली जन्मलेले हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये अशा सहा कलावंतांना ‘मिट्टी की गाड़ी’साठी दिल्लीला नेले आणि पुढल्या वर्षी ‘नया थिएटर’ स्थापन केले. हौसेने खेळणाऱ्या ग्रामीण नटाला वर्षभर रंगभूमीवर ठेवायचे तर शेतीतून बुडणारे उत्पन्न कोणीतरी भरून द्यावे लागते. तन्वीर स्वतः पत्रकारिता आणि इतर लेखन करीत संस्था चालवीत राहिले. ‘चरणदास चोर’ला १९८२ मध्ये एडिंबरा येथे गौरव लाभला, तरी मंडळीच्या वेतनाची विवंचना मिटली नाही.

पंडवानी गायिका तीजनबाई यांच्या वाट्याला आलेला मार्ग निराळा होता. भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना आपल्या सेवेत घेतले. पुढे २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळविणारी कलावती पोलाद कारखान्याच्या पटावर होती, हे ऐकणाऱ्यास गमतीचे वाटेल. परंतु सार्वजनिक उद्योग, रेल्वे, बँका आणि आकाशवाणी यांनी गेल्या सत्तर वर्षांत कलेला जो आधार दिला, तो कोणत्याही पुरस्काराने दिलेला नाही. मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. बँक, टपाल खाते आणि महाविद्यालये यांतील कर्मचारी वगळले तर मराठी कवितेचा आणि प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास फार तोकडा होईल. अशा कायम नोकऱ्या आता आटत चालल्या आहेत आणि कंत्राटी कामात सायंकाळ मोकळी राहतेच असे नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. लेखकाला पगार आहे, हे गृहीत धरले की त्याच्या लेखनाचा मोबदला देणे ही सौजन्याची बाब ठरते, देण्याची राहत नाही. व्याख्यानाला शाल-श्रीफळ, कवितेला अंकाची एक प्रत आणि पुस्तकाला हिशेबाविना मिळणारी जुजबी रक्कम, हा परिपाठ त्यातूनच पडला. कवीचा पगार देणारी संस्था नकळत प्रकाशकालाही अनुदान देत असते. शुक्ल यांनी २०२२ मध्ये ही गोष्ट प्रथमच उघडपणे बोलून दाखविली. गाजलेल्या पुस्तकांपोटी वर्षाकाठी हाती येणारी रक्कम काही हजारांच्या घरात आहे आणि आपली पुस्तके अडकून पडली आहेत, अशी त्यांची तक्रार होती. अनेकांना त्यांच्या म्हणण्यापेक्षा त्यांच्यासारख्या संकोची माणसाने ते म्हणावे, याचेच आश्चर्य वाटले.

रॉयल्टीचे गणित मुळात साधे आहे : पुस्तकाची किंमत, विकलेल्या प्रती आणि ठरलेला टक्का यांचा गुणाकार. समजा, किंमत दोनशे रुपये आणि टक्का दहा असेल, तर हजार प्रतींच्या आवृत्तीतून लेखकाला वीस हजार रुपये मिळतील. ती आवृत्ती संपण्यास चार वर्षे लागली, तर महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास. म्हणजे हिशेब चोख असला तरी एवढ्यावर घर चालत नाही. मात्र प्रती लाखाकडे जाऊ लागल्या की तोच टक्का मोठी रक्कम होतो आणि तेव्हा करारात काय लिहिले आहे, यावर सारे अवलंबून राहते.

१९५७ चा स्वामित्वहक्क कायदा या बाबतीत लेखकाच्या बाजूने आहे. अडचण आहे ती तो न वाचण्याची. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात रॉयल्टीचा उल्लेख लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मानले जाते. हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर स्वस्थ बसला तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो हक्क त्याच्याकडून जातो. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर आणि चित्रपट हे स्वतंत्र हक्क आहेत. छापील आवृत्तीच्या करारात ते आपोआप जाऊ देण्याचे कारण नाही. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत निवासी लेखकाला पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे. नव्या प्रणालीत ती नाही, हे निवड करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

ज्यांना पगारही नाही आणि रॉयल्टीही नाही, अशा वृद्ध कलावंतांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची मासिक साहाय्याची योजना आहे. तिची कमाल रक्कम सहा हजार रुपये आणि अट अशी की वार्षिक उत्पन्न बहात्तर हजारांहून अधिक नसावे. महाराष्ट्रात ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना महिना पाच हजार रुपये मानधन दिले जाते. नाचाच्या किंवा तमाशाच्या फडात आयुष्य घालविलेल्या माणसाला या रकमेचे महत्त्व आहेच. पण अर्जासोबत कलासाधनेचे पुरावे जोडावे लागतात आणि माळावर रात्रभर रंगलेल्या खेळाचे प्रमाणपत्र सहसा कोणी दिलेले नसते.

स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो आणि ही गणना पुढील वर्षाच्या आरंभापासून होते. त्यानुसार मुक्तिबोधांचा तो पहिला संग्रह १ जानेवारी २०२५ रोजी हक्कमुक्त झाला. आता तो कोणीही छापू शकतो. शुक्ल यांच्या पुस्तकांवरील हक्क त्यांच्या वारसांकडे २०८५ अखेरपर्यंत राहील.