जुनी मोटार म्हणजे खोडवा



ऊस विकास विभागाच्या पानावर मोटारीचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु गेले दोन-तीन हंगाम आम्ही एक गोष्ट पाहत आहोत. उसाचे बिल जमा झाले की गटातल्या दहा-पाच घरी जुनी चारचाकी येते. कुणी मारुती घेतो, कुणी ओम्नी, कुणी इंडिका, कुणी बोलेरो. दवाखाना, बाजार, मुलांचे कॉलेज, लग्नकार्य यासाठी गाडी आता गरजेची झाली आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते पुढचे. आलेली गाडी दोन वर्षांत गोठ्याशेजारी उभी राहते, टायर बसतात, आणि मालक म्हणतो, "जुनं ते जुनंच, आमचं नशीबच खोटं."

यात नशिबाचा संबंध नाही. जुनी मोटार म्हणजे खोडवा. खोडव्याला बेणे लागत नाही, नांगरट लागत नाही, म्हणून त्याला काहीच लागत नाही असे आपण धरून चालतो. बुडखे छाटत नाही, नांग्या भरत नाही, खताचा हप्ता टाळतो आणि उतारा पडला की खोडव्याला नावे ठेवतो. ज्याने वेळच्या वेळी केले त्याचा खोडवा लागणीच्या बरोबरीने येतो, हे आपण शिवारात पाहिलेच आहे. गाडीचेही तसेच. स्वस्तात मिळाली म्हणजे पुढेही स्वस्तातच चालेल असे नाही. वाचलेल्या पैशांतला थोडा भाग तिच्यासाठी बाजूला ठेवावाच लागतो.

पहिला प्रश्न नेहमी असा येतो की, "सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करायची?" कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात. पण आपली गाडी चालते किती? वस्तीवरून गावात, गावातून गट कार्यालयात, आठवड्याला एकदा तालुक्याला. वर्षभरात पाच हजारसुद्धा होत नाहीत. मग मालक म्हणतो, अजून किलोमीटर कुठे भरले? इथेच चूक होते. दोन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही. आत धरलेला ओलावा आणि न जळालेले इंधन ऑईलमध्ये उतरते आणि उडून न जाता तिथेच राहते. वर आपली धूळ. गोदाकाठच्या काळ्या मातीचा रस्ता, त्यावरून उसाच्या ट्रॉल्या, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. अशा गाडीला किलोमीटर लावू नये, तिला पंचांग लावावे.

आम्ही साधा नियम सांगतो, एक दसरा आणि एक गुढीपाडवा. दोन्हींत साधारण सहा महिन्यांचे अंतर पडते. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. त्याच आठवड्यात बॉनेट उघडून ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलावा. पाडव्याला तेच पुन्हा. ऑईल कोणत्या ग्रेडचे घालायचे ते पुस्तकात पाहून ठरवावे, दुकानदाराच्या सांगण्यावर नको. जास्त भरले म्हणजे जास्त चांगले असेही नाही. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असावे, वरच्या खुणेपलीकडे जाऊ नये. मधल्या काळात पंधरा दिवसांनी सकाळी इंजिन गार असताना पट्टी काढून पाहावी. ऑईल घटत असेल आणि सायलेन्सरातून निळसर धूर येत असेल तर ते आत जळत आहे, असे समजावे.

एअर फिल्टरकडे मात्र सहा महिने थांबू नका. हंगामात दर महिन्याला काढून पाहा. आपल्या धुळीत बारीक वाळू असते. ती आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासते. फिल्टर दगडावर आपटून साफ करण्याची पद्धत बंद करावी. हवा मारायची झाली तर आतून बाहेर, कमी जोराने. कागद काळा पडला असेल तर सरळ नवा टाकावा. सगळ्या गाडीत याच्याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

आता पाण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त इंजिने पाण्यापायी जातात. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. हे वाक्य आम्ही शंभर वेळा बोललो असू. ठिबकच्या नळीत क्षार साचून ड्रीपर कसे बंद पडतात हे तुम्हाला माहीत आहे, त्यासाठी आपण आम्ल प्रक्रिया करतो. तेच पाणी तुम्ही इंजिनात घातले तर तिथल्या बारीक नळ्यांची तीच गत होते, आणि तिथे आम्ल सोडता येत नाही. पाणी फिरेनासे होते, गाडी तापते, हेड वाकते, गॅसकेट जाते, आणि मग खोलाखोलीचे बिल गाडीच्या किमतीकडे झुकते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर पुस्तकात दिलेल्या प्रमाणात मिसळून भरावे किंवा तयार मिळते ते घ्यावे. "आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय, कूलंट कशाला?" असे एका सभासदाने विचारले होते. कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसते. त्याने पाण्याचा उकळबिंदू वाढतो आणि आत गंज धरत नाही. साधे हिरवे कूलंट दोन वर्षांनी बदलावे. आणि गाडी तापलेली असताना रेडिएटरचे झाकण कुणीही उघडू नये. उसळलेल्या वाफेने तोंड भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

ब्रेक ऑईलबाबत आमचीच गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक जुनी जीप होती. जळगावला ठिबक पाहण्यासाठी आम्ही पाच जण निघालो. कन्नडच्या पुढे औट्रम घाट उतरताना निम्म्यावर पेडल एकदम पोकळ झाले. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. खालच्या गिअरवर आणि हँडब्रेकवर कशीबशी कडेला लावली. अर्धा तास थांबलो, चाके गार झाली, आणि पेडल आपोआप परत आले. त्यामुळे आमच्यातला एक जण म्हणाला, काही झालेले नाही, चला. सुदैवाने आम्ही ऐकले नाही. चाळीसगावहून मेस्त्री आणला. त्याने डबीतले ऑईल बोटावर घेतले, ते काळे झालेले होते. सहा वर्षांत ते कुणी बदललेच नव्हते, आणि हा दोष आमचाच.

कारण असे की, ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे ऑईल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. ओलावा धरला की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. घाटात सारखा ब्रेक दाबल्याने ते तापून उकळते, नळीत वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते पण चाक धरत नाही. रोजच्या सपाट रस्त्यावर हे कळतच नाही, घाटातच कळते. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलून हवा काढून घ्यावी. त्याच वेळी लायनर आणि पॅड किती उरले ते पाहावे.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला, असेही नाही. जुन्या गाडीचे टायर घासून जाण्याआधी वयानेच संपतात. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. बाजूला चिरा पडल्या असतील तर तो उन्हाळ्यात मोठ्या रस्त्यावर नेऊ नये. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज चुकीचा आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. हवा सकाळी टायर गार असताना, स्टेपनीसकट तपासावी.

इथेनॉलबद्दल सभासद दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उघडच लिहितो. २०१४ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्क्याच्या आसपास होते, २०२२ साली १० टक्के झाले आणि २०२५ साली २० टक्के. त्यात आपल्या उसाची मळी आणि रस आहे, आणि आपल्याला चार पैसे मिळतात ते त्यातून, हे विसरू नये. पण म्हणून जुन्या गाडीवर त्याचा काही परिणाम नाही असे आम्ही म्हणणार नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर आणि धातू या मिश्रणाला धरून आहेत. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या १० टक्क्यांसाठी, आणि फार जुन्या साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडे उतरते. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकीत ही घट ६ ते ७ टक्के धरावी, असे निती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालात दिले आहे. करायचे ते असे: इंधनाच्या रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहा. फुगलेली, चिकट झालेली किंवा तडकलेली नळी लगेच बदला, इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आग लागते. इथेनॉल टाकीतला जुना मळ सुटा करते, म्हणून इंधन फिल्टर नवा टाकावा. ते पाणीही ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी रिकाम्या टाकीने महिना-महिना उभी करू नये. डिझेलवाल्यांनी पंपासाठी ठेवलेल्या बॅरलमधले डिझेल गाडीत ओतू नये. बॅरलच्या तळाला पाणी असतेच.

गाडी घेताना विकणारा हमखास सांगतो, "मागच्याच महिन्यात सगळं बदललंय." त्याचा मान ठेवावा आणि पहिल्याच आठवड्यात सगळी ऑईले, कूलंट आणि फिल्टर बदलून घ्यावेत. मारुती ८००, ओम्नी, इंडिका डिझेल अशा इंजिनांत टायमिंगचा पट्टा असतो. तो रबरी असतो आणि तुटण्याआधी आवाज करत नाही. काही इंजिनांत पट्टा तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असे धरावे.

मेस्त्री कोण, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अवघड नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा आणि २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून गावोगावची पोरे या लाईनीत तयार झाली आहेत. गाडी घेण्याआधी आणि मोठे काम काढण्याआधी घरातल्या अशा पुतण्या-भाच्याला सोबत न्यावे. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.

ऊस तुटला की रानातले उंदीर घराकडे येतात आणि गाडीच्या उबेला बसून वायरी कुरतडतात. हंगामात आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून नजर टाकावी. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून व्हॅसलीन लावावे.

हेडलाईटची काच पिवळी पडली असेल तर ती घासून घ्या. हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी असते. तिच्या मागे रिफ्लेक्टर लावण्याबद्दल आम्ही वाहनधारकांच्या मागे लागलेलोच आहोत, पण ती दिसण्यासाठी तुमच्या गाडीलाही उजेड हवा.

कागदपत्रांचे थोडक्यात: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. बीएस ४ गाडीला पीयूसी वर्षाने, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांनी. म्हणजे तीही दसऱ्याला आणि पाडव्यालाच काढून टाकावी.