मेळावा एक, मंडळ्या अनेक

सभा भरवणे सोपे आहे. भरलेली सभा सर्वांची करणे कठीण. ग्रामसभा घ्या, परिषद घ्या, नाहीतर एखाद्या संस्थेची वार्षिक बैठक घ्या. ज्याला सभेची भाषा येते तो बोलतो. ज्याला येत नाही तो मान हलवतो. आणि इतिवृत्तात नोंद होते की ठराव एकमताने मंजूर झाला. हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नवा नाही. आज आम्ही ज्या मेळाव्याविषयी सांगणार आहोत, त्याने मात्र या अडचणीशी उघडपणे सामना करण्याचे ठरवले. हा मेळावा म्हणजे ऑस्ट्रेलियातील युनायटिंग चर्चच्या उत्तर विभागाची, म्हणजेच उत्तर सिनडची, सभा.

प्रथम या चर्चची ओळख करून घेऊ. मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या तीन पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन 22 जून 1977 रोजी ते स्थापन झाले. आपल्याकडे 1947 साली दक्षिण भारतात आणि 1970 साली नागपूर येथे उत्तर भारताच्या चर्चच्या रूपाने अशीच ऐक्ये घडून आली होती. पंथांचे ऐक्य एका दिवसाच्या समारंभाने होते. माणसांच्या ऐक्याला मात्र फार वेळ लागतो. उत्तर ऑस्ट्रेलियात तो किती लागतो, हे पाहण्यासारखे आहे.

आधी तेथील अंतरे ध्यानात घ्यावीत. नॉर्दर्न टेरिटरी हा प्रदेश सुमारे साडेतेरा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा. आणि वस्ती अवघी अडीच लाखांच्या आसपास. दर दहा माणसांत तिघे मूळनिवासी. डार्विन शहरापासून ॲलिस स्प्रिंग्ज दीड हजार किलोमीटर दूर. पावसाळ्यात आर्नेमलँडचे कच्चे रस्ते महिनोन्‌महिने बंद होतात, आणि लहान विमानाखेरीज गाठीभेटी होत नाहीत. अशा मुलखातून शहरातल्या इंग्रजीभाषक मंडळ्या, किनाऱ्यावरचे योल्ङू लोक आणि वाळवंटातले पिचांचाचारा लोक एका मांडवाखाली येतात. देव एक, शुभवर्तमान एक. परंतु भाषा, नातेसंबंध आणि काळाची जाणीव ही सगळी वेगळी.

त्यांतही मागचा हिशेब चुकता झालेला नाही. मेथॉडिस्ट मिशनने 1916 साली गोलबर्न बेटावर, 1923 साली मिलिंगिंबी येथे आणि 1935 साली यिर्काला येथे ठाणी उभारली. शाळा, दवाखाने आले. त्यांबरोबर परक्यांची सत्ताही आली. यिर्कालाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. योल्ङू समाजाचे धुवा आणि यिरिचा असे दोन अर्धभाग आहेत. 1962–63 साली दोन्ही भागांच्या वडीलधाऱ्यांनी दोन पुरुष उंचीचे दोन चित्रफलक रंगवले आणि गावच्या नव्या चर्चमध्ये वेदीच्या दोन बाजूंना उभे केले. आपल्या पूर्वजांच्या कथा आणि आपल्या जमिनीवरचा हक्क त्यांनी देवासमोर मांडला होता. त्याच सुमारास बॉक्साइटच्या खाणीसाठी ती जमीन देण्याचे निर्णय दूरच्या शहरांत होत होते, आणि ज्यांची जमीन त्यांना कोणी विचारले नव्हते. तेव्हा ऑगस्ट 1963 मध्ये त्यांनी झाडाच्या सालीवर चिकटवलेले अर्ज, आपल्या भाषेत आणि इंग्रजीत, थेट संसदेकडे पाठवले. खाण थांबली नाही. 1971 साली न्यायालयातही ते हरले. पण 1976 साली त्या प्रदेशासाठी मूळनिवाशांच्या भूमिहक्काचा कायदा झाला, त्यामागे या अर्जांची प्रेरणा होती.

आणि ते फलक? 1970 नंतर एक काळ असा आला की ते ख्रिस्ती उपासनेला न शोभणारे ठरले आणि चर्चबाहेर टाकले गेले. 1978 साली ते पुन्हा उचलून सुरक्षित ठेवण्यात आले. आज ते यिर्काला येथील कलाकेंद्रात मानाने उभे आहेत.

ही पार्श्वभूमी कळली म्हणजे पुढची पावले समजतात. 1985 साली मूळनिवासी ख्रिस्ती लोकांनी चर्चच्या आतच आपली स्वतंत्र ‘काँग्रेस’ स्थापन केली. फुटून निघणे नव्हे आणि विरघळून जाणेही नव्हे, असा तो मार्ग होता. जुलै 1994 मध्ये चर्चच्या अध्यक्षा जिल टॅबर्ट यांनी जाहीररीत्या गतकाळातील अन्यायाबद्दल क्षमा मागितली, आणि दोन्ही बाजूंनी करार स्वीकारला. 2009 साली चर्चच्या घटनेला नवे प्रास्ताविक जोडले गेले. मिशनरी येण्यापूर्वीच ईश्वराचा आत्मा या भूमीत होता, आणि तेथील नियम, रूढी व विधी यांतून तो लोकांना प्रकट झाला होता, अशी स्पष्ट कबुली त्यात आहे. ज्या फलकांना एकदा दार दाखवले, त्यांचेच म्हणणे घटनेत आले!

आता प्रत्यक्ष सभेकडे वळू. पहिली गोष्ट भाषेची. दूरच्या प्रतिनिधींना इंग्रजी ही बहुधा तिसरी किंवा चौथी भाषा. विषय त्यांच्या भाषेत उलगडून सांगावा लागतो, आणि मग आपापसांत बोलायला वेळ द्यावा लागतो. दुसरी गोष्ट नात्यांची. योल्ङूंमध्ये जावई आणि सासू समोरासमोर बसत-बोलत नाहीत. म्हणून कोणी कोठे बसावे, कोणाच्या वतीने कोणी बोलावे, हे नाते ठरवते. तिसरी गोष्ट शोकाची. गावात मृत्यू झाला की बाकी सारे थांबते, आणि मृताचे नावही काही काळ उच्चारीत नाहीत. कार्यक्रमपत्रिका अशा वेळी बाजूला ठेवावी लागते.

चौथी गोष्ट निर्णयाची. 1994 पासून या चर्चने एकमताची पद्धत घेतली. बोलणे ऐकून सभासद रंगीत कार्डे दाखवतात; मन अनुकूल असेल तर नारिंगी, प्रतिकूल असेल तर निळे. निळे कार्ड दिसले की अध्यक्ष पुढे न जाता त्या माणसाला बोलायला सांगतात. ज्याला भाषण करवत नाही, त्यालाही असे आपले मन दाखवता येते. पुढे जागतिक चर्च परिषदेनेही आपल्या 2006 सालच्या पोर्तो अलेग्रेच्या अधिवेशनात हीच वाट धरली.

येथे शंका निघेल की, यात वेळ फार जातो. जातोच. शिवाय पद्धत चांगली असली म्हणून विषमता संपते असेही नाही. कागद इंग्रजीत निघतात; पैसा आणि कचेऱ्या शहरात असतात; आणि वाट पाहणाऱ्या माणसाच्या मौनाला घाईतला माणूस संमती समजून बसतो. परंतु झटपट निर्णयाची किंमत यिर्कालाने मोजली आहे. त्यापेक्षा उशीर स्वस्त.

आमच्याकडे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला मराठी भजनात आणि कीर्तनात आणले, तेव्हा तो मराठी माणसाच्या अंगणात आला. धर्म असो वा लोकशाही, ती दुसऱ्याच्या भाषेत शिकवता येते. रुजते मात्र आपल्याच भाषेत. पुढच्या खेपेस आपल्या सभेत ठराव एकमताने मंजूर झाल्याचे वाचाल, तेव्हा मागच्या रांगेत गप्प बसलेल्यांकडे एकदा पाहावे, आणि त्यांना विचारावे. आमचे एवढेच सांगणे आहे.