भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट : कर्ज ते करार

कर्ज किती? रिझर्व्ह बँकेची मर्यादा : ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. ७० लाखांच्या फ्लॅटला फार तर ५६ लाख. उरलेले १४ लाख खिशातून. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळीच. नवखे इथेच फसतात.

भाव ठरल्यावर
• विसार म्हणजे टोकन. रोख २० हजार किंवा अधिक घेतल्यास घेणाऱ्याला तेवढाच दंड.
• ‘कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत’ ही अट विसारपावतीतच लिहून घ्यावी. तोंडी कबुली नंतर कुणाला आठवत नाही.
• नवे बांधकाम : नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही (रेरा कायदा, २०१६).

साठेखत की खरेदीखत? साठेखत हा विक्रीचा करार. मालकी खरेदीखताने येते.

टीडीएस : किंमत ५० लाख वा अधिक असल्यास १ टक्का खरेदीदाराने कापून भरायचा. विक्रेता अनिवासी असल्यास नियम वेगळा.

भाडे : प्राप्तिकरात, मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट. लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची, जबाबदारी घरमालकाची.