दुपारी दमणारे यंत्र

मे महिन्यात भर दुपारी सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या चौकात उभे राहिले, की वीज बनवायला या उष्णतेहून वेगळे काय लागते, असे कुणालाही वाटेल. पण उष्णतेवर फिरणाऱ्या टर्बाइनला ही वेळ सगळ्यात वाईट. ते चालते गरम आणि थंड बाजूंतल्या फरकावर. हवाच तापली की थंड बाजू आणायची कुठून?

ही अडचण ओळखून उभे राहिलेले वीजकेंद्र अमेरिकेत नेवाडा राज्यात, फॅलन गावाजवळ आहे. नाव स्टिलवॉटर, मालकी २०२४ च्या सुरुवातीपर्यंत एनेल या इटालियन कंपनीची होती. एनेलचे ३३ मेगावॅटचे भूऔष्णिक केंद्र इथे २००९ मध्ये सुरू झाले. खोल विहिरींतून येणारे गरम पाणी आयसोब्युटेनला आपली उष्णता देते आणि पुन्हा जमिनीत सोडले जाते. आयसोब्युटेन पाण्याच्या मानाने फारच कमी तापमानाला उकळतो. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरते, मग मोठमोठे पंखे ती वाफ हवेने गार करून पुन्हा द्रव करतात. पाण्याची टंचाई असलेल्या वाळवंटाला ही सोय योग्यच, पण उन्हाळ्यात दुपारी गार हवा मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच वीजनिर्मिती घसरते.

सौर पॅनेल त्याच वेळी जोरात असतात. २०१२ मध्ये शेजारीच २६ मेगावॅटचे पॅनेल बसले. पुढे पन्हळीसारखे वळवलेले आरसेही आले. ते उन्हाने भूगर्भातले पाणीच आणखी तापवतात आणि सुमारे २ मेगावॅटची भर घालतात. भूऔष्णिक विहिरी वर्षानुवर्षे उपसल्या की थंडावत जातात, म्हणून मला या प्रकल्पात पॅनेलपेक्षा हे आरसेच जास्त हुशारीचे वाटतात. उपकेंद्र आणि पारेषण वाहिनी भूऔष्णिक आणि सौर अशा दोन्ही केंद्रांत सामाईक, हा आणखी एक फायदा.

महाराष्ट्रात भूगर्भाची ऊब मुख्यतः कोकणच्या वाट्याला आली: वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज बनते, पण तिथे वाफ गार करायला बर्फाळ प्रदेशातले थंड पाणी हाताशी आहे. कोकणात ते नाही. भारतात मणिकरणला ५ किलोवॅटचा प्रयोग झाला, आणि लडाखमधल्या पुगा खोऱ्याकडे अजून आशेने पाहिले जाते.

टेंभुर्णीच्या काळ्या बेसॉल्टखालून असे झरे वर येत नाहीत. इथली वाफ उसाची. जवळच पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे कारखाना आणि जिल्ह्यातले त्याचे कितीतरी भाऊबंद बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळून वीज बनवतात, घरची गरज भागवून उरलेली विकतात. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. मग बॉयलर थंड आणि बाहेर वीज नेणारी वाहिनी जवळपास रिकामी. ऊन मात्र तेव्हाच सर्वांत कडक. स्टिलवॉटरला जी जोडी दिवसाच्या तासांत जमली, ती इथे वर्षाच्या महिन्यांत जमण्यासारखी आहे. कारखान्याच्या आवारातच पॅनेल लावले तर वाहिनी नव्याने ओढायला नको, आणि रात्री दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाची लाईट मिळायलाही हातभार लागेल.

आरशांबद्दल मात्र मी साशंक आहे. त्यांना स्वच्छ, थेट ऊन लागते आणि अंगावर धूळ चालत नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पुणे-सोलापूर महामार्ग यांच्यामध्ये धुळीला तोटा नाही. धुवायचे म्हटले तर पाणी उजनी धरणाचेच, आणि आरसे सगळ्यात उपयोगी पडतील त्या दिवसांत उजनी बऱ्याचदा मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेलेली असते.