फवारणी पंपाची वायर सुटली? तापवायचं कशाला ते कळलं की सोल्डरिंग जमतं

फवारणी ऐन भरात आली की बॅटरी पंप हमखास रुसतो. बॅटरी चांगली असते, मोटरही चांगली असते. तळाचं झाकण उघडून पाहिलं तर चार्जिंग सॉकेटची नाहीतर स्विचची एक वायर सुटलेली. मग आपण काय करतो? वायरीला पीळ मारायचा, वरून काळी टेप गुंडाळायची आणि पुन्हा रानात. चार दिवसांनी तेच रडगाणं.

पीळ मारलेला जोड पंपात टिकत नाही, त्याला कारण आहे. पाठीवर पंप सतत हिंदकळतो, त्यामुळे पीळ सैल होतो. त्यात औषधाचं पाणी झिरपतं आणि तांब्याची तार हिरवी पडते. हिरवी पडलेली तार वीज नीट नेत नाही, तेवढी जागा तापते, टेप चिकट होऊन निघून येते. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावूनही सकाळी पंप दोन टाक्यांत दमतो, तेव्हा दोष कितीतरी वेळा बॅटरीचा नसून या जोडाचा असतो. आणि आपण मात्र नवीन बॅटरी घेऊन येतो.

यावरचा पक्का इलाज म्हणजे सोल्डरिंग, जुन्या भाषेत डाख देणं. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी तालुक्याला गेलं की अर्धा दिवस आणि पेट्रोल जातं.

कल्हईवाला आठवतो का?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कल्हईवाला आधी पितळेचं भांडं भट्टीवर चांगलं तापवायचा, त्यात नवसागर टाकायचा आणि मग कथलाची कांडी भांड्याला टेकवायचा. कथील भांड्याच्या उष्णतेनं वितळायचं आणि कापडाच्या बोळ्यानं सगळीकडे पसरायचं. त्यानं कथील वेगळं वितळवून भांड्यात ओतलं असतं तर ते गोळा होऊन पडलं असतं, चिकटलं नसतं.

सोल्डरिंगचं सगळं गुपित एवढंच आहे. तापवायचं ते जोडाला, सोल्डरला नाही. नवखा माणूस आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेतो आणि तो वायरीवर नेऊन ठेवतो. वरून जोड झाल्यासारखा दिसतो, पण खाली धातू थंडच असतो. मेकॅनिक याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. तो जोड कधी चालतो, कधी बंद पडतो आणि शेवटी सुटतो.

काय काय लागतं

२५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न पुरेसं आहे. सोल्डर वायर घेताना ६०/४० मागा. म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ही १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. बिनशिशाचीही मिळते, पण तिला साधारण २२७ अंश लागतात आणि नवख्याला ती जरा त्रास देते. चांगल्या सोल्डर वायरीच्या पोटात राळ भरलेली असते. कल्हईत नवसागर जे काम करायचा तेच इथं राळ करते, म्हणजे तापलेल्या धातूवरचा पातळ गंज काढते. वायरीच्या कामाला नवसागर मात्र वापरू नका, तो मागे राहिला की तार खातो. डबीतल्या पेस्टचंही तसंच. काही पेस्टमध्ये आम्ल असतं. वापरलीच तर जोड गार झाल्यावर पुसून काढा, आणि सर्किटच्या पट्टीवर लावूच नका.

गावाकडची एक अडचण शहरातले व्हिडिओ कधी सांगत नाहीत. ती म्हणजे व्होल्टेज. आयर्नवर २३० व्होल्टला २५ वॅट लिहिलेलं असतं. व्होल्टेज १७० वर आलं की तेच आयर्न जवळपास निम्म्याच ताकदीनं तापतं. सोल्डर चिकट पिठासारखं ओढत असेल तर हाताला दोष देऊ नका. लाईट पूर्ण दाबानं असेल तेव्हा काम करा.

नवीन आयर्न पहिल्यांदा तापलं की लगेच टोकाला सोल्डर लावून ते चकचकीत करून घ्या. काम करताना टोक ओल्या स्पंजला पुसायचं आणि ठेवताना त्यावर थोडं सोल्डर राहू द्यायचं. टोक काळं पडलं की सोल्डर त्यावरून पाऱ्यासारखं घरंगळतं. मग काही जण कानस घेतात, पण मुलामा असलेलं टोक कानसीनं घासलं की ते संपलंच म्हणा.

आता पंपाकडे

आधी पंप स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. औषध लागलेली वायर तापवली तर तो धूर तुमच्याच नाकात जाणार. झाकण उघडलं की काहीही सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. लाल कुठं, काळी कुठं, हे नंतर आठवत नाही. चार्जर बोर्डातून काढलेला असावा. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण शॉर्ट झालं तर तार लालभडक होते. बॅटरी चार्जिंगला लावलेली असेल तिथं तर आयर्न नेऊच नका, चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघू शकतो.

वायरीचं हिरवं, काळं पडलेलं टोक कापून टाका. पुढचं प्लास्टिक सेंटिमीटरभर सोला. तार पिवळी-लाल चमकली पाहिजे, नाहीतर ब्लेडनं हलकी खरवडा. जोडाआधी वायरीत स्लीव्ह सरकवून ठेवा. ही गोष्ट निम्मे लोक विसरतात आणि झालेला जोड परत सोडवतात.

मोकळ्या तारेला आधी एकदा सोल्डर पाजून घ्या. सॉकेटच्या पत्तीलाही थोडं लावा. मग तार पत्तीच्या भोकात अडकवा आणि आयर्नचं टोक असं टेकवा की तार आणि पत्ती दोन्हींना लागेल. दोन-तीन सेकंद थांबा. आता सोल्डर वायर आयर्नला न लावता दुसऱ्या बाजूनं जोडाला टेकवा. जोड तापलेला असेल तर सोल्डर पाण्यासारखं आत ओढलं जातं. ते पाहिलं की एकदम कळतं, हे सांगून समजत नाही. आधी सोल्डर वायर काढा, मग आयर्न. पुढचे चार-पाच सेकंद जोड हलवायचा नाही, फुंकरही मारायची नाही.

पाच सेकंदांत काम झालं नाही तर थांबा, गार होऊ द्या. सॉकेटचं प्लास्टिक मऊ पडून आतली पिन वाकडी होते. त्यावर उपाय म्हणजे बोर्डातून काढलेल्या चार्जरची पिन सॉकेटमध्ये घालून ठेवायची, म्हणजे आतली पिन जागा सोडत नाही.

चांगला जोड कडेला पातळ होत धातूत मिसळलेला दिसतो. मण्यासारखा गोल गोळा बसला असेल तर तो ड्राय आहे, पुन्हा तापवा. गार झाल्यावर वायर हलकीच ओढून पाहा. मल्टीमीटर असेल तर बॅटरी जोडण्याआधी लाल आणि काळ्याच्या पत्त्या एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, ते तपासा. मग स्लीव्ह सरकवून गरम करा, ती आवळून बसते.

हात बसवायला

पहिला प्रयोग पंपावर नको. बिघडलेला चार्जर किंवा जुना रेडिओ घ्या आणि त्याचे भाग काढा, पुन्हा बसवा. नंतर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला आवडता प्रयोग करा, टाकी भरली की वाजणारा बझर. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टन्स, बझर आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढ्यात तो होतो. ट्रान्झिस्टरच्या पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न धरू नका. हाताला काम देत शिकवायचं म्हणून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथंही खेड्यातली मुलं असंच करत करत शिकतात.

इथं हात घालू नका

सोल्डरमध्ये शिसं असतं. आयर्नच्या उष्णतेला त्याची वाफ होत नाही म्हणावं इतकी थोडी होते. दिसतो तो धूर राळेचा, तो डोळ्यांना आणि दमेकऱ्याला झोंबतो, म्हणून ओसरीत, वाऱ्यावर बसा. पण शिसं बोटांना लागतं आणि बोटांवरून पोटात जातं. सोल्डर वायर दातात धरू नका, तंबाखू मळण्याआधी हात साबणानं धुवा, लहान मुलं आणि गरोदर बाईला लांब ठेवा.

विहिरीवरच्या मोटरीची केबल, स्टार्टर, घरातलं मेन वायरिंग यांना सोल्डर लावायचं नाही. जास्त करंटनं जोड तापला की सोल्डर मऊ होऊन सुटतं. तिथं दाबून बसवायचं थिंबलच हवं, आणि ते काम वायरमनचं. काही नव्या पंपांत लिथियमचे सेल येतात. त्या सेलवर थेट आयर्न टेकवलं तर तो फुगू शकतो, पेटूही शकतो. असा पंप दुकानातच न्या.