तीन चित्रांचं तोंड

1993 साली दूरदर्शनवरून दर रविवारी सकाळी देशभरच्या पोरांना खिळवून ठेवणारा मोगली मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखाला तसा शेजारचाच. ‘द जंगल बुक’मधलं रान सिवनीचं आणि नदी वैनगंगा. सौंसर तालुक्यातून वाहणारी कन्हान पुढे त्याच वैनगंगेला मिळते. पेंचचं जंगल सिवनी आणि छिंदवाडा अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे, आणि 2023 मध्ये वेगळा पांढुर्णा जिल्हा होईपर्यंत हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातच होते.

लेखक किपलिंगचा जन्म 1865 मध्ये मुंबईचा, पण मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. पुस्तक आलं 1894 साली. पुढे 1989 मध्ये जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने त्यावर 52 भागांची मालिका काढली. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. त्यांनी गोष्टीत स्वतःची भरही घातली. किची नावाचा तांबडा पांडा मोगलीच्या सोबतीला दिला. हा प्राणी हिमालयातला, सातपुड्यात औषधालाही सापडायचा नाही. तरी पोरांना तो आपलाच वाटला.

खरी करामत आहे तोंडाची. चित्रफितीच्या एका सेकंदात 24 चौकटी असतात. प्रत्येकीसाठी नवं चित्र काढायचं म्हटलं तर आठवड्याला एक भाग देणं अशक्य. म्हणून जपानी टीव्हीवर एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवायची रीत रुजली. सेकंदाला आठ चित्रांत भागतं. पात्र बोलतं तेव्हा तर चेहराही पुन्हा काढत नाहीत. सेल नावाच्या पारदर्शक पानावरचा चेहरा तसाच राहतो, वरच्या सेलवरचं तोंड तेवढं बदलतं: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. बस, तीनच. ‘प’ म्हणताना ओठ मिटले का, ‘ओ’ म्हणताना गोल झाले का, हे कोणी बघत नाही. काटकसरीपोटी निघालेली ही युक्ती डबिंगला वरदान ठरली. ओठ कुठल्याच भाषेचे नाहीत, म्हणून कुठलीही भाषा त्यांत बसते. आवाज देणाऱ्याने तोंडाची उघडझाप तेवढी गाठायची.

हिंदीत शेरखान वाघासाठी ती गाठली मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी. शब्द तोडत, मध्येच थांबत बोलायची त्यांची लकब या तोंडाला नेमकी मानवली. गुलजारांचं शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाजांची चाल आजही लोकांच्या तोंडी आहे. पण त्या वाघाचा दरारा नानांच्या थांबण्यात होता.

आवाज मराठी माणसाचा, भाषा मात्र हिंदी. पांढुर्णा-सौंसरच्या कितीतरी घरांत मराठी बोलतात, शाळा-कचेरीत हिंदी. पोरांना हिंदी कळतेच, मग मराठीचा खर्च कशाला, हा हिशेब इथल्या भाषेच्या मुळावर येणारा आहे. युगो साको आणि राम मोहन यांचा 1992 चा इंडो-जपानी रामायणपट जानेवारी 2025 मध्ये नव्या झळाळीसह भारतात लागला, तो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत. डबिंगचे स्टुडिओ मुंबईत, कसलेले मराठी नट तिथेच. तरीही मराठी राहिली ती राहिलीच.

उद्या कोणी मराठी डबिंग मनावर घेतलंच, तर अडचण संहितेपासून सुरू होईल. पुणेरी ‘काय करतोयस?’ चटकन संपतं. इकडचं ‘काय करून राहिला बे?’ म्हणेपर्यंत वाघाचं तोंड मिटलेलं असेल. वाक्य छाटायचं की बोली सोडायची, हे लिहिणाऱ्याला संवादागणिक ठरवावं लागेल.