कुर्दी व दख्खनी गालिचे : ओळखीच्या कांहीं खुणा

धाराशिव, परांडें, नळदुर्ग या बाजूस दप्तरें शोधीत हिंडतांना एखाद्या वाड्यांत रुमालांशेजारीं जीर्ण गालिचा आढळला, तर तो बहुधा ‘इराणी’ म्हणूनच दाखविला जाईल. परंतु हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्याच संस्थानांत वरंगळास गांठीचे गालिचे विणले जात. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांतही ते गेले होते. सबब पाठ उलटून पाहिल्याविना निर्णय करूं नये.

नक्षीवर भिस्त ठेवणें धोक्याचें. चौकटींत फूल व भोंवतीं चार वांकडीं पानें, ही ‘माही’ अथवा हेराती नक्षी बिजार व सेन्ने (सनंदज) येथील कुर्दी विणकरांची मोठी आवडती. पण इराणी नमुने दख्खनेंतही उतरले. जाफ कुर्दांचे आंकडेदार शंकरपाळे मात्र सहसा चुकत नाहींत.

खरी साक्ष गांठीची. लव दुभंगून मूळ पाहावें. कुर्दी गांठ ताण्याच्या दोन्ही धाग्यांवरून जाऊन तिचीं टोंकें मधून वर येतात. दख्खनी गांठ एकाच धाग्यास पूर्ण वेढते, दुसऱ्याच्या केवळ पाठीमागून जाते. ताणाही सुताचा असतो. येथें परिभाषेचा एक विलक्षण घोटाळा आहे. या दुसऱ्या गांठीस इंग्रजी ग्रंथांत ‘सेन्ने गांठ’ म्हणतात, आणि प्रत्यक्ष सेन्ने येथें विणतात पहिली! यादींत तें नांव दिसतांच गालिचा कुर्दी ठरविणारा फसलाच म्हणून समजावें.

बिजारचा बाणा इतका ठोकून बसवितात कीं गालिचा फळीसारखा ताठ होतो. असा गालिचा पोथीप्रमाणें घडी घालून ठेवल्यास त्याचे धागे तुटतात. तो गुंडाळूनच ठेवावा. फाटक्या कडा कापून नीटनेटक्या करण्याचा मोहही आवरावा, कारण ताण्याचा धागा लोकरीचा कीं सुताचा हें तेथें सर्वांत स्पष्ट दिसतें.

काळाविषयीं एकच सांगतों. पहिला कृत्रिम रंग १८५६ त निघाला. ज्याच्या मूळ लवेंत तसला रंग आहे, तो गालिचा पेशवाईंतला नव्हे, घरची परंपरा कांहींही सांगो.

‘इराणी’ न ठरल्यानें मोल उणें होतें असें मात्र नाहीं. डच व्यापारानें गेलेले दख्खनी गालिचे जपानांत क्योतोच्या गिओन उत्सवांतील रथांकरितां आजही जपलेले आहेत.